केसाएवढ्या तड्यांचा हिशेब

तुम्ही ज्या स्लॅबखाली बसून हे वाचत आहात, त्याला पेलणाऱ्या बीमच्या पोटाला तडे गेलेले असण्याची दाट शक्यता आहे. ते गिलाव्याखाली झाकलेले असतात, केसाएवढे बारीक, वीतभर किंवा त्याहून कमी अंतरावर एकामागून एक. ते जाणार हे बीमची आकडेमोड करणाऱ्या इंजिनियरला आधीपासून ठाऊक होतं. किंबहुना ते गेलेच नसते, तर आत घातलेलं महागाचं लोखंड जवळजवळ बिनकामाचं पडून राहिलं असतं. काँक्रीटबद्दल जे जे मी वाचलं, त्यात यापेक्षा थक्क करणारं मला काही सापडलेलं नाही.

बीमवर वजन आलं की तो वाकतो. त्याचा वरचा थर दबतो, खालचा ताणला जातो. एम-२५ प्रतीचं काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला २५० किलोचा दाब सहज सोसतं. पण तेच काँक्रीट ओढलं, तर २५ किलोच्या आसपासच तुटतं. दाबाच्या तुलनेत ताणाची ताकद एक दशांश. म्हणून खालच्या बाजूला सळया. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढे काय होतं, ते पाहण्यासाठी बीमचा तळचा एक तुकडाच वेगळा काढू: मधोमध १६ मिलिमीटरची एक सळई आणि तिच्याभोवती १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचं काँक्रीट. सळईची दोन्ही टोकं धरून आपण तो ओढायला लागतो.

सुरुवातीला दोघं बरोबर ताणली जातात. काँक्रीटमध्ये चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा ताण येतो, तेव्हा पोलाद त्याच्या सहा-सात पट ताठ असल्यामुळे सळईत फक्त १७० किलोच्या आसपास ताण असतो. आजची सळई चौरस सेंटिमीटरला ५००० किलो पेलू शकते, म्हणजे ती अजून जागीच झालेली नाही. एकूण ओढ या वेळी २.८ टन, आणि त्यातली जवळजवळ अडीच टन बिचारं कमकुवत काँक्रीट उचलतंय. मग तडा जातो. तड्याच्या जागी काँक्रीट सलग उरत नाही, आणि ते २.८ टन त्या एका आडव्या छेदात एकट्या सळईवर येतात. तिच्यातला ताण एका क्षणात १७० वरून १४०० वर जातो, आठ पट. तडा गेल्याशिवाय लोखंडाला खरं काम मिळतच नाही.

हे तडे इतके बारीक असतात की त्यांनी एकदा मोठमोठ्या जाणकारांना चकवलं होतं. फ्रेंच इंजिनियर आर्मां कॉन्सिदेर यांनी १८९९ मध्ये प्रयोगांवरून मांडलं, की लोखंड घातलेलं काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षा कितीतरी पट जास्त ताणलं जातं आणि तरी तडकत नाही. लोखंडाच्या संगतीत काँक्रीटचा स्वभावच बदलतो, असा त्याचा अर्थ होत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक टर्नोर यांनी ओलसर बीमवर वजन चढवून पाहिलं. साधं काँक्रीट जेवढ्या ताणाला तुटतं, जवळजवळ तेवढ्याच ताणाला ओल्या बीमवर काळसर आडव्या रेषा उमटल्या. तिथे पाणी मुरत होतं. वजन वाढवलं तेव्हा नेमक्या त्याच रेषांवर तडे उघडले. म्हणजे काँक्रीटचा स्वभाव बदललेला नव्हता. तडे होते, फक्त डोळ्याला दिसत नव्हते. ते पाण्याने दाखवले.

पण मग ते इतके बारीक का राहतात? सगळी गंमत याच प्रश्नात आहे. आपल्या तुकड्याला पहिला तडा गेला आहे. तड्याच्या तोंडाशी काँक्रीटमधला ताण शून्य. तिथून आत जावं तसतशी सळई आपल्या पकडीतून काँक्रीटला पुन्हा थोडी थोडी ओढ परत देते. ही पकड सरासरी चौरस सेंटिमीटरला ४५ किलो धरू. सळईचा परीघ ५ सेंटिमीटर, म्हणजे दर सेंटिमीटर लांबीला २२५ किलो परत जातात. काँक्रीट पुन्हा तुटायला अडीच टन लागतात. २५०० भागिले २२५, म्हणजे ११ सेंटिमीटर. पहिल्या तड्यापासून ११ सेंटिमीटरच्या आत दुसरा तडा जाऊच शकत नाही, कारण तिथल्या काँक्रीटला तुटण्याएवढी ओढ मिळालेलीच नसते. आणि दोन तड्यांमध्ये २२ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर उरलं, तर मध्ये आणखी एक जाणारच. म्हणून तडे ११ ते २२ सेंटिमीटरच्या अंतरांनी पडतात. पहिला तडा कुठे जायचा, हे काँक्रीटमधली एखादी कच्ची जागा ठरवते. त्यानंतरचे तडे कुठे जायचे, हे सळईची पकड ठरवत जाते.

आता हीच सळई काढून तिच्या जागी ८ मिलिमीटरच्या चार सळया घाला. लोखंड तेवढंच, एक ग्रॅमही जास्त नाही. परीघ मात्र दुप्पट झाला. अडीच टन परत द्यायला आता ११ ऐवजी साडेपाच सेंटिमीटर पुरतात. तडे दुप्पट पडतात, आणि प्रत्येक तडा निम्म्याच रुंदीचा होतो. मोजक्या जाड सळयांऐवजी पुष्कळ बारीक सळया टाकण्याचा इंजिनियरचा आग्रह इथून येतो.

रुंदीचा हिशेब तर याहून सुंदर आहे. रोजच्या वापरात सळईत समजा २५०० किलोचा ताण आला. त्या ताणाने ती दर मीटरला सव्वा मिलिमीटर लांबते. तीन मीटर सळईला पकड अजिबात नसती, ती तेल लावलेल्या नळीतून गेलेली असती आणि फक्त टोकांना बांधलेली असती, तर तिची पावणेचार मिलिमीटरची सगळी वाढ एकाच तड्यात उघडली असती. करंगळीचं नख शिरेल एवढी फट. पकड असेल, तर तीच वाढ अठरा-वीस तड्यांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर येतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण दोन तड्यांमधलं अखंड काँक्रीट अजून थोडी ओढ स्वतःकडे घेत असतं आणि तेवढा भाग सळई कमी ताणली जाते. तडकलेल्या काँक्रीटची ही शेवटपर्यंतची मदत हिशेबात धरली नाही, तर बीम खऱ्यापेक्षा जास्त लवेल असं गणित सांगतं. आपल्या आयएस ४५६ या संहितेने सर्वसाधारण तड्यांसाठी ०.३ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. या मर्यादेचं पालन बहुतांशी ही न दिसणारी पकडच करते.

ही पकड नेमकी कशाची? सिमेंटचा रांधा पोलादाला चिकटतो खरा, पण ते चिकटणं फार नाजूक असतं. जराशी सरक झाली की सुटतं. मग घर्षण. त्यातही अडचण आहे: ओढली जाणारी सळई किंचित बारीक होते आणि काँक्रीटपासून आत सरते. जुन्या इमारतींत गुळगुळीत गोल गज असत आणि त्यांची टोकं हुकासारखी वळवलेली असत, ती याचसाठी. मधली पकड सुटली तरी हुक धरून ठेवतील, हा भरवसा. अर्नेस्ट रॅन्सम यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत चौकोनी सळईला पीळ देण्याचं पेटंट घेतलं. ते मांडलं तेव्हा तिथल्या तंत्रज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेलं. पाच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये त्यांनी तशाच सळया घालून अल्वर्ड लेक पूल बांधला. आपल्याकडे पुढे अनेक वर्षं घराघरांत पडलेल्या टॉर सळईलाही पीळ होता. तो मुख्यतः पोलादाची ताकद वाढवण्यासाठी, आणि पकडीसाठी अंगावर कंगोरे. मग टीएमटी सळई आली, पीळ गेला, कंगोरे राहिले.

हे कंगोरे जेमतेम मिलिमीटरभर उंच. सळई ओढली गेली की प्रत्येक कंगोरा समोरच्या काँक्रीटवर रेलतो. तिथे आत काय घडतं, ते जपानमधल्या युकिमासा गोतो यांनी १९७१ मध्ये जगाला दाखवलं. काँक्रीट ओतताना त्यांनी सळईच्या बाजूने बारीक नळ्यांसारखे मार्ग ठेवले, सळई ताणत असतानाच त्यातून लाल शाई दाबाने आत सोडली, आणि मग नमुना सळईच्या लांबीवर उभा कापला. कापलेल्या पृष्ठावर शाईने रंगलेल्या शेकडो रेषा होत्या. बाहेरून दिसणाऱ्या दोन तड्यांच्या मध्ये, जिथे काँक्रीट अखंड भासत होतं, तिथे प्रत्येक कंगोऱ्यापासून तिरपे बारीक तडे निघाले होते. सळईशी साधारण ६० अंशांचा कोन करून, शंकूसारखे, आणि पृष्ठभागापर्यंत न पोहोचता आतच थांबलेले. त्या छायाचित्रांसमोर मी बराच वेळ थांबलो होतो. विस्कॉन्सिनमध्ये पाण्याने बाहेरचे तडे दाखवले होते, इथे शाईने आतले. सळई काँक्रीटमध्ये घट्ट बसलेली असते, असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात ती अशा तिरप्या तुकड्यांच्या माळेला रेटून उभी असते.

रेटा तिरपा आहे, म्हणून त्याचा एक हिस्सा सळईच्या दिशेने जातो आणि दुसरा सरळ बाहेर, चहूबाजूंनी. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या टेपफर्स यांनी १९७३ मध्ये हा बाहेरचा हिस्सा हिशेबात आणण्याची एक सुरेख युक्ती काढली. सळईभोवतालचं काँक्रीट म्हणजे जाड भिंतीचं कडं समजा आणि कंगोऱ्यांचा रेटा म्हणजे त्या कड्याच्या आत भरलेल्या पाण्याचा दाब. दाब वाढला की कडं आतून बाहेर तडकत जातं. तडा पृष्ठभागावर आला की कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, फाटलं, आणि कव्हर फाटलं की पकड अचानक सुटते. साइटवर फिटरला “कव्हर ब्लॉक लावलेस का?” असं जे बजावलं जातं, त्यामागे गंजापासून संरक्षणाचं कारण आहेच, पण सळईभोवतीचं हे कडं पुरेसं जाड राहण्याचंही आहे. आणि सळयांभोवती बांधलेल्या लोखंडी रिंगा त्या कड्याला बाहेरून आवळून धरतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती घरात उपयोगी पडते. सळईला आडवे जाणारे बारीक तडे बीमच्या कामाचा भाग आहेत. सळईच्या बाजूने, तिच्या लांबीला धरून जाणारा तडा ही मात्र वेगळी बाब. त्याचा अर्थ कडं फाटतंय. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर त्याचं नेहमीचं कारण गंज. गंज मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो आणि तोच कड्याला आतून फाडतो. सळईवरचा सुरुवातीचा अगदी पातळ, न सुटणारा गंज पकडीला बाधत नाही, उलट जरा खरखरीतपणा देतो. त्यापुढे गेला की घात. असा उभा तडा दिसला, तर फक्त लांबी भरून रंग लावू नये, जाणकाराला बोलवावं.

आता गणिताकडे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डफ एब्रम्स यांनी काँक्रीटमधून सळया उपसून काढण्याचे प्रचंड प्रयोग केले आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून आणि नंतरच्या कामांतून एक गोष्ट पक्की झाली: सरक नसेल तर पकड नाही. सळई थोडी सरकते, तेव्हाच कंगोरा रेलतो. म्हणजे तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. सळईतल्या ताणात दर सेंटिमीटरला होणारा बदल ही तिथली पकड. पकड किती, हे तिथली सरक ठरवते. आणि सरक म्हणजे सळई नि काँक्रीट यांच्या ताणले जाण्यातला साठत आलेला फरक, जो पुन्हा पकडीवर अवलंबून. तड्याची रुंदी म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंच्या सरकीची बेरीज. एवढं एक वर्तुळ सोडवलं की बीमचा तडा कागदावर उघडता येतो.

ते वर्तुळ संगणकावर सोडवण्याची सुरुवात १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात झाली. न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी बीमचे लहान लहान त्रिकोण पाडले, सळईचे वेगळे पाडले, आणि जिथे दोघं भिडतात त्या प्रत्येक बिंदूवर दोन काल्पनिक स्प्रिंगा जोडल्या: एक सळईच्या दिशेने, एक तिला काटकोनात. या स्प्रिंगांना लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही. फक्त ताठपणा आहे. पकड नावाची गोष्ट अशा शून्य आकाराच्या जागेत ठेवता येते, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. तडे मात्र त्यांनी आधीच आखून दिले होते. ते कुठे जाणार, हे संगणकाने शोधलं नव्हतं. स्प्रिंगाही सरळ रेषेत वागणाऱ्या. तरीही तड्याच्या दोन्ही बाजूंना सळईतला ताण कसा चढतो-उतरतो, ते प्रथमच आकड्यांत दिसलं.

खऱ्या सळईचा स्वभाव सरळ रेषेत नाही. तो मोजायला एलिगेहाउझेन, पोपोव्ह आणि बर्टेरो यांनी, पुन्हा बर्कलीतच, शंभरावर नमुने तपासले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. सळईची फक्त पाच व्यासांएवढी लांबी त्यांनी काँक्रीटला भिडू दिली. लांब सळई घेतली असती तर एका टोकाला जास्त सरक, दुसऱ्या टोकाला कमी, आणि हाती आली असती ती नुसती सरासरी. आखूड तुकड्यावर सरक सगळीकडे जवळजवळ सारखी, म्हणून त्या एका जागेचा नियम मिळतो. त्यातून निघालेली वक्ररेषा १९९० च्या युरोपीय आदर्श संहितेत आली आणि जगभरच्या संगणकांत शिरली. चहूबाजूंनी नीट आवळलेल्या एम-२५ काँक्रीटमध्ये पकड चौरस सेंटिमीटरला १२५ किलोपर्यंत चढते, आणि त्यासाठी सळईला पूर्ण एक मिलिमीटर सरकावं लागतं. पण चढ सुरुवातीला इतका उभा आहे, की एक दशांश मिलिमीटर सरकीलाच ४० टक्के पकड, म्हणजे ५० किलो, हाताशी येते. आपण वर ४५ धरले होते ते इथून पटतं: ०.२ मिलिमीटरचा तडा म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१ ची सरक. आपली घरं आयुष्यभर त्या वक्ररेषेच्या पहिल्या दहाव्या भागातच राहतात.

भूकंपात ती पुढे ढकलली जातात. त्या प्रयोगांचा मूळ हेतूही तोच होता. सळई एकदा पुढे सरकून कंगोऱ्यासमोरचं काँक्रीट चुरडते. मग झोका उलटतो. परत येताना तिच्यासमोर आपणच केलेली मोकळी जागा असते, आणि ती ओलांडेपर्यंत पकड अगदी क्षीण राहते. दर झोक्याला पोकळी वाढते. बीम जिथे कॉलमला मिळतो त्या सांध्यात हे घडलं, तर सळई न तुटता, काँक्रीट न कोसळता सांधा ढिला पडत जातो. म्हणून तिथे रिंगा दाट हव्यात.

संगणकावर एक मोह फार असतो: स्प्रिंगा काढून टाकायच्या आणि सळई नि काँक्रीट एकमेकांना सांधून टाकायचं. काम पटकन होतं, बीमची एकूण ताकदही ठीक येते. पण सरक संपली की ओढ परत द्यायला लांबीच लागत नाही. मग तडे किती अंतरावर जातील, हे पकडीऐवजी आपण पाडलेल्या तुकड्यांचा आकार ठरवू लागतो. तुकडे बारीक केले की तडेही जवळ येतात. उत्तर निसर्गाचं राहत नाही, त्या तुकड्यांच्या जाळीचं होतं. दुसरी अडचण याच्या नेमकी उलट, अतिशुद्धतेची. सगळं काँक्रीट तंतोतंत सारखं धरलं, तर समान ताणाच्या पट्ट्यात प्रत्येक तुकडा एकाच क्षणी तुटायला येतो आणि गणित गोंधळतं. म्हणून काँक्रीटच्या ताकदीत थोडा यादृच्छिक चढउतार मुद्दाम पेरावा लागतो. खडीचा एखादा कच्चा कोपरा, एखादी हवेची पोकळी, यांची जागा गणितात अशी ठेवावी लागते.

आणि ओतकामाचीही. ओल्या काँक्रीटमधलं पाणी वर चढतं आणि वरच्या सळयांच्या पोटाखाली अडकतं. ते सुकलं की तिथे पोकळ, मऊ थर उरतो. तीच सळई, तेच काँक्रीट, पण बीमच्या वरच्या भागात पकड कमी. अमेरिकी संहितेत सळईखाली १२ इंचांहून जास्त ताजं काँक्रीट असेल, तर तिची रुतवायची लांबी ३० टक्के वाढवायला सांगितलं आहे. आधारावरून जाणाऱ्या सलग बीममध्ये आधाराच्या जागी मुख्य लोखंड नेमकं वरच असतं, हे ध्यानात घेतलं की या अटीचं मोल कळतं.

हे सारं आत, काँक्रीटच्या अंधारात चालतं; मग मोजायचं कसं? १९५१ मध्ये मेन्स या संशोधकांनी सळई उभी चिरली, आतून कोरली, आत ताणमापक बसवले आणि पुन्हा जोडली, म्हणजे बाहेरचे कंगोरे शाबूत राहिले. आज सळईवर केसासारखी खाच पाडून त्यात काचतंतू चिकटवतात. त्यातून परत येणाऱ्या प्रकाशावरून सळईचा ताण जवळजवळ मिलिमीटरा-मिलिमीटराला वाचता येतो. प्रत्येक तड्यावर शिखर, दोन तड्यांच्या मध्ये दरी. या आलेखाचा उतार म्हणजेच त्या त्या जागची पकड.

तड्याच्या अगदी तोंडाशी मात्र तो उतार मंदावतो, सरक तिथे सर्वाधिक असूनही. कारण तिथले कंगोरे ज्या तुकड्यांवर रेलतात, ते मोकळ्या तोंडाकडे सुटून येतात; गोतो यांचे शंकू तिथे पूर्ण निखळलेले असतात. म्हणजे सळईच्या साऱ्या लांबीला एकच वक्ररेषा चालत नाही. २०१० च्या आदर्श संहितेने त्याची दखल घेतली: तड्यापासून दोन व्यासांच्या आत पकड कमी करत न्यायची, तोंडाशी शून्यावर. आपल्या १६ मिलिमीटरच्या सळईला हे अंतर ३२ मिलिमीटर होतं. ११ सेंटिमीटरांच्या हिशेबातले तीन सेंटिमीटरांहून जास्त सरासरी अर्ध्या पकडीवर काम करतात, आणि उरलेल्या पावणेआठ सेंटिमीटरांना त्यांचा वाटा उचलावा लागतो.